काना की वेलांटी: सहा बैठकांच्या एका वाचनमालेबद्दल

पहिल्या बैठकीची पहिलीच स्लाइड. नाटककार ऑस्कर वाइल्डचा गालाला हात लावून बसलेला फोटो आणि खाली अवतरणचिन्हांत एक वाक्य: ‘स्वतःसारखे राहा, बाकीचे सगळे आधीच कुणी ना कुणी घेतलेले आहेत.’ मी कपाळावर हात मारून घेतला. वाइल्डच्या नावावर खपणारं हे वाक्य त्याच्या लिखाणात कुठेही नाही. मगवर, टीशर्टवर, पोस्टरवर मात्र ते ठाण मांडून बसलंय. ३१ वर्षं मुद्रितशोधन करून डोळे अधू झालेली बाई मी, खुर्ची मागे सारून उठणारच होते. माझी जोडीदार म्हणाली, “अगं, पाच मिनिटं तरी बस. चुका काढायला तरी बस.”

बसले. सहाही बैठकांना बसले, आणि चुकाही काढल्या.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते. एलजीबीटी साहित्यिकांवरची ही ऑनलाइन वाचनमाला मराठीतून चालते. दर पंधरवड्याला एक बैठक, पावणेदोन तासांची. आधी लेखकाची ओळख, मग वाचन, मग गप्पा. शिवाय दर बैठकीला दहा-बारा पानांची पीडीएफ पुस्तिका. आयोजकांचं नाव लिहीत नाही. इथल्या सगळ्या तक्रारी त्यांना आधीच लेखी कळवल्या आहेत, आणि ही मंडळी आपापली कामं सांभाळून, रात्री जागून हे करतात, ते दिसतं. पण अशा मालिका आता बऱ्याच निघताहेत. त्यात शिरण्याआधी पदरात काय पडतं ते कुणीतरी सांगायला हवं.

प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोची बैठक ऐकल्यावर मी वाइल्डची ती स्लाइड माफ केली. अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी तिच्या कविता नऊ खंडांत लावून ठेवल्या होत्या म्हणतात. आज अथपासून इतिपर्यंत अशी एकच कविता हाती आहे, बाकी तुकडे. त्यातले कितीतरी इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून निघालेल्या पपायरसच्या चिंध्यांवरचे. तिथलं खोदकाम सुरू झालं १८९६-९७ च्या हिवाळ्यात. हे तुकडे छापताना जिथे मजकूर फाटून गेलाय तिथे चौकटी कंस घालतात. डोळ्यांना ते ठीक दिसतं, पण कंस मोठ्यानं वाचायचा कसा?

वाचणारी मुलगी पंचविशीची असेल. ती जिथे कंस आला तिथे थांबली. दोन शब्द, मग पाच-सहा सेकंद काहीच नाही. मग एक शब्द, पुन्हा शांतता. इकडे चॅटमध्ये मेसेजवर मेसेज: “आवाज येत नाहीये.” “तुमचं नेट गेलंय का?” “मलाच ऐकू येत नाहीये का सगळ्यांनाच?” एका गृहस्थांनी म्यूट काढून “हॅलो, हॅलो” केलं. ती हसली नाही, वर पाहिलं नाही, खुलासा केला नाही. पुढचा शब्द वाचला. तिसऱ्या तुकड्यापर्यंत चॅटबॉक्स गप्प झाला होता आणि शंभरेक माणसं आपापल्या खोलीत बसून दोन हजार सहाशे वर्षांपूर्वीच्या एका भोकाकडे कान लावून होती. हे पुस्तकात मला कधी मिळालं नव्हतं. छापील कंसावरून डोळा सरकून जातो, कानाला मात्र तिथे थांबावंच लागतं.

आणि मग ती पूर्ण कविता. सॅफो प्रेमदेवता अफ्रोडायटीला साकडं घालते की जिच्यावर माझा जीव जडलाय तिचं मन माझ्याकडे वळव. ही ‘ती’ आहे हे आपल्याला कळतं कशावरून? मूळ ग्रीकमध्ये एका धातुसाधिताच्या शेवटावरून. ‘तिची इच्छा नसली तरी’ अशा अर्थाच्या जागी येणारं ते एक रूप स्त्रीलिंगी आहे, बस. बाकी कविताभर प्रियकर की प्रेयसी याचा दुसरा पुरावा नाही. त्या एका प्रत्ययाच्या पाठाबद्दल संपादकांनी केवढा काथ्याकूट केला असेल ते सांगायला नको.

मराठी माणसाला यातली मेख चटकन कळते. इंग्रजीत ‘यू’च्या आडोशाला कवी जन्मभर लपू शकतो. मराठीत ‘तू’च्या मागोमाग क्रियापद आलं की पितळ उघडं. गेलास की गेलीस? काना की वेलांटी? भविष्यकाळात मात्र थोडी सोय आहे: येशील, भेटशील, लिहिशील. म्हणून की काय, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जुन्या प्रेमपत्रांत भविष्यकाळ फार. (ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत पुरुष कवी खुशाल विरहिणी होऊन बोलतो, तिथे कुणी समासात प्रश्नचिन्ह काढत नाही. पण ते देवाचं खातं, त्याला सूट आहे.)

या मालिकेतलं जे जे उत्तम होतं ते सगळं असं अक्षराच्या पातळीवरचं होतं. जिथे फसली तिथे ती अक्षर सोडून तसबिरीला हार घालायला गेली म्हणून फसली.

वाइल्डचीच बैठक घ्या. समलिंगी संबंधांवरून चाललेले १८९५ चे खटले, दोन वर्षांची सक्तमजुरी, पॅरिसमधले हलाखीचे दिवस, ३० नोव्हेंबर १९०० ला मृत्यू. सव्वा तास हेच, मागे व्हायोलिन. अख्ख्या इंग्रजी रंगभूमीला हसवणाऱ्या या माणसाच्या बैठकीत पावणेदोन तासांत एकदाही कुणी हसलं नाही! त्याच्या नाटकातला एकही प्रवेश वाचला नाही. खटला चालला त्या वर्षी लंडनमध्ये त्याची दोन नाटकं एकाच वेळी चालू होती, आणि अटकेनंतर जाहिरातींवरून त्याचं नाव काढून टाकून प्रयोग तसेच चालू ठेवले गेले. यावर एक वाक्य आलं, तेही घाईत. म्हणजे माणूस नको, पण त्याचा विनोद हवा. यावरच बैठक उभी करता आली असती की!

पुस्तिकेतही तेच. तुरुंगवासातून जन्मलेलं त्याचं दीर्घकाव्य १८९८ साली निघालं तेव्हा कवीच्या नावाच्या जागी ‘सी.३.३.’ असं छापलं होतं. हा त्याच्या कोठडीचा नंबर: सी विभाग, तिसरा मजला, तिसरी कोठडी. खरं नाव आलं ते १८९९ मध्ये, सातव्या छपाईला. मुखपृष्ठावरचं नाव हीसुद्धा एक बातमी असते हे आम्हा छापखान्यातल्यांना माहीत, पुस्तिका लिहिणाऱ्यांना नाही. त्यांनी मृत्यूचं साल तेवढं छापलं, आणि ते १९०१ छापलं.

दुसरी बैठक मायकेलअँजेलोची होती. तो मूर्तिकार, चित्रकार. कवितांशी त्याचा काय संबंध म्हणून मी जरा नाखुशीनंच बसले होते. त्यानं तीनशेच्या आसपास कविता लिहिल्या आणि त्यांतल्या पुष्कळ तोम्मासो दे काव्हालिएरी या तरुणासाठी होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. १५३२ साली दोघं भेटले तेव्हा मायकेलअँजेलो ५७ वर्षांचा होता. पुढे १६२३ मध्ये त्याच्या पुतण्याच्या मुलानं, त्याचंही नाव मायकेलअँजेलोच, या कविता छापल्या आणि छापताना पुल्लिंगी सर्वनामं स्त्रीलिंगी करून टाकली. घराण्याच्या अब्रूसाठी, दुसरं काय. वाचकांनी दोनशे चाळीस वर्षं ती पाहुणी बाई खरी मानली. १८६३ मध्ये मूळ हस्तलिखितांवरून आवृत्ती निघाली आणि ‘तो’ परत आला. १८७८ मध्ये इंग्रज लेखक जॉन अ‍ॅडिंग्टन सायमंड्सनं सॉनेटं इंग्रजीत नेली ती ‘तो’सकट. सायमंड्सचं स्वतःचं प्रेमही पुरुषांवर. त्यानं आत्मकथन लिहून ठेवलं, ते प्रसिद्ध झालं १९८४ साली, त्याच्या मृत्यूनंतर ९१ वर्षांनी.

प्रुफात एक खूण असते. चुकून किंवा उगाच केलेली दुरुस्ती रद्द करायची असली की त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात ‘स्टेट’ लिहायचं. म्हणजे मूळचं आहे तसं राहू द्या. सायमंड्सबद्दल ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर ती टिंबंच येत होती. वक्त्या इटालियन शिकलेल्या होत्या. त्यांनी एक सॉनेट आधी १६२३ च्या पाठानं वाचलं आणि लगेच मूळ पाठानं. भाषेचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी शेवटचे स्वर बदललेले कानाला कळले. कुठलंही भाषण न ठोकता त्यांनी सगळा मुद्दा त्या स्वरांतून पोचवला.

आता चौथी बैठक. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन. ही लिहावी की नाही यावर घरात चर्चा झाली.

व्हिटमन मुळात छापखान्यातला माणूस, खिळे जुळवणारा. आपल्या ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ या कवितासंग्रहाच्या १८५५ च्या पहिल्या आवृत्तीची काही पानं त्यानं स्वतः जुळवली होती. म्हणून मला तो आधीपासून आपल्यातला वाटतो. १८६० च्या आवृत्तीत त्याची एक छोटी कविता आहे. गजबजलेल्या एका शहरातून मी गेलो, तिथल्या इमारती, चालीरीती सगळं विसरलो, आठवते ती फक्त मला भेटलेली एक बाई, मला सोडवत नव्हती ती. छापील कविता अशी. हस्तलिखितात बाई नाही, पुरुष आहे. साधासा, अडाणी पुरुष, निघताना कितीतरी वेळ हात धरून उभा राहिलेला. इथे कुणा पुतण्याच्या मुलानं काही केलं नाही, कवीनंच स्वतःच्या हातानं ‘पुरुष’ खोडून ‘बाई’ लिहिलं.

बैठकीत आम्हाला दोन्ही पाठ पडद्यावर शेजारीशेजारी दाखवले आणि वीस मिनिटं दिली: मराठी करा. इंग्रजीत ही अदलाबदल दोन-तीन शब्दांत भागते. मी मराठी करायला घेतलं तर पहिल्या ओळीपासून सगळं हलायला लागलं. भेटला, भेटली. बिलगलेला, बिलगलेली. उभा, उभी. थरथरता, थरथरती. माझ्या कच्च्या भाषांतरात नऊ ठिकाणी हात लावावा लागला. मराठीत खोटं बोलायला जास्त कष्ट पडतात, हे मी तेव्हा गमतीनं वहीत लिहिलं आणि लगेच मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली.

२३ वर्षांची असताना एका मासिकात माझी कविता छापून येणार होती. तिच्यात ‘आलीस’ असं तीन ठिकाणी होतं. गॅली प्रूफ तपासायला माझ्याच हातात दिलं. मी तिन्ही वेलांट्यांवर लाल रेघ मारली आणि कान्याची खूण केली, समासात व्यवस्थित, ओळीच्या समोर, खाली आद्याक्षरं घालून. संपादक खूश. म्हणाले, प्रूफ काय स्वच्छ तपासलंयस, आमच्याकडे काम करशील का? तर अशी मी या धंद्यात आले. (ती कविता आत्ताच्या जोडीदारावर नव्हती, हे नमूद करायला ती शेजारी बसून सांगते आहे.)

हे मी बैठकीत बोलले नाही. चॅटमध्ये ‘छान झाली बैठक’ एवढं लिहिलं.

याच बैठकीत मालिकेतली सगळ्यात गंभीर चूक झाली, ती सांगायलाच हवी. इथे नाव बदलून, कॅमेरा बंद ठेवून बसायची मुभा आहे आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त वाचणाऱ्याचा चेहरा येईल असं आधी कळवलं जातं. श्रोत्यांमध्ये घरी काही न सांगितलेली माणसं असतात, त्यांच्यासाठी ही मुभा पाहुणचारापुरती नाही, तीच अट आहे. त्या दिवशी स्क्रीन शेअर करताना उपस्थितांची यादी उघडी राहिली आणि तशीच रेकॉर्ड झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं. रेकॉर्डिंग लगेच काढलं, सर्वांना माफीचं पत्र आलं, पुढच्या बैठकीपासून यादी बघायचं काम एका वेगळ्या माणसाला दिलं. सावरलं चांगलं, नाही म्हणत नाही. पण ती रात्रभर कुणी कुणी जागून काढली असेल कोण जाणे.

पाचवी बैठक मुख्यतः १९२८ या एकाच सालाभोवती होती, म्हणून ती घट्ट झाली. त्या वर्षी रॅडक्लिफ हॉल या लेखिकेच्या, बायकांमधल्या प्रेमावरच्या कादंबरीवर लंडनच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला. व्हर्जिनिया वूल्फ आणि ई. एम. फॉर्स्टर यांच्यासारखे लेखक साक्ष द्यायला तयार होते, न्यायाधीशांनी साहित्यिकांची मतं ऐकायलाच नकार दिला आणि नोव्हेंबरमध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला. त्याच्या आदल्याच महिन्यात वूल्फची ‘ऑर्लँडो’ बाजारात आली होती. नायक सात दिवस झोपतो आणि उठतो तो बाई होऊन, आणि पुस्तक वूल्फची प्रेयसी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट हिला अर्पण. त्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही. एकीनं सरळ सांगितलं ती अडकली, दुसरीनं हसत सांगितलं ती सुटली. गप्पांमध्ये दोन तट पडले. मी हॉलच्या बाजूनं, जोडीदार वूल्फच्या. गाडी अजून तिथेच आहे.

एका सहभागी बाईंनी ऑर्लँडोच्या जागं होण्याचा परिच्छेद स्वतः मराठी करून आणला होता. मूळ लेखिका तिथे सर्वनामांवरून वाचकाची गंमत करते. मराठीत गंमत सर्वनामावर थांबत नाही. ‘झोपला’नं सुरू झालेला परिच्छेद ‘उठली’वर येतो आणि मग प्रत्येक वाक्याच्या टोकाला वेलांटी लागत जाते, लागत जाते. ऐकताना हसू फुटलं. भाषांतर मुळाहून खोडकर झालेलं मी क्वचित ऐकलंय.

त्याच बैठकीत लगेच पुढे जॅन मॉरिस. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेबरोबर ‘द टाइम्स’ची बातमीदार म्हणून गेलेली ही लेखिका तेव्हा जेम्स मॉरिस या नावानं वावरत होती. शिखर सर झाल्याची बातमी एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाच्या सकाळी लंडनला छापून आली ती तिच्यामुळे. पुढे आपल्या लिंगबदलावर तिनं १९७४ मध्ये पुस्तक लिहिलं. वक्ता सतत म्हणत होता, “त्या डोंगर उतरल्या, त्यांनी बातमी धाडली.” एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारलं की १९५३ पुरतं तरी ‘ते’ म्हणायला नको का, इतिहास म्हणून? वक्ता म्हणाला, “त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय की तीन-चार वर्षांच्या असल्यापासून आपण मुलगी आहोत हे त्यांना ठाऊक होतं. मग डोंगर कोण उतरलं?” व्याकरण हा माझा धंदा आहे, मला आधी त्या ज्येष्ठांचंच पटलं होतं. हे उत्तर ऐकल्यावर मी या परिच्छेदाच्या वरच्या वाक्यात ‘गेलेला बातमीदार’ लिहिलं होतं ते खोडलं.

सहावी बैठक म्हणजे ‘मान्यवरांना सलाम’. २४ माणसं, चाळीस मिनिटं. माणशी शंभर सेकंद. अ‍ॅलन ट्युरिंग, गणितज्ञ: जन्म २३ जून १९१२, समलिंगी संबंधांसाठी झालेल्या शिक्षेला राजमाफी २०१३, पन्नास पौंडांच्या नोटेवर २०२१, पुढे चला. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठीच्या १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचा मुख्य संयोजक बायर्ड रस्टिन, ज्याच्यावर सहा बैठका होतील, तो टाळ्यांच्या इमोजीत वाहून गेला. संगीतकार चायकोव्हस्की का होता? साहित्याची मालिका ना ही? असल्या यादीत नाव येणं म्हणजे मोठेपण आणि न येणं म्हणजे काय, हा विचार करून मला उगीच अस्वस्थ वाटत राहिलं.

त्यातही एक स्लाइड बरी निघाली. अमेरिकन कवयित्री ऑड्री लॉर्डची. तिच्या पहिल्या नावात इंग्रजीत शेवटी ‘वाय’ होता. लहानपणीच तिनं तो काढून टाकला, कारण त्याचं खाली लोंबणारं शेपूट तिला आवडत नसे आणि दोन्ही नावं ‘ई’वर संपलेली तिला देखणी वाटत. एवढीशी पोर स्वतःच्या नावाचं प्रूफ तपासते! शंभर सेकंदांत एवढंच सांगितलं आणि तेवढं पुरलं.

किरकोळ गोष्टी: बैठका वेळेवर सुरू होतात. आपोआप उमटणारी मराठी उपशीर्षकं बंद ठेवा, ती ‘सॅफो’ला दर वेळी ‘साफ हो’ म्हणतात. प्रश्नोत्तरांत दोघे-तिघेच बोलतात, सूत्रसंचालकानं त्यांना जरा आवरायला हवं. वाचणारी ती पंचविशीची मुलगी पुढच्या मालिकेत असेल तर डोळे मिटून नाव नोंदवा.

पुस्तिकांच्या चुकांचं काय झालं ते राहिलं. मी सहाही तपासून पाठवल्या, एकूण ४१ दुरुस्त्या. वाइल्डचं ते वाक्य उडालं, साल सुधारलं, ‘सॅफो’, ‘साफो’ आणि ‘सॅफ्फो’ यांतलं एक राहिलं. ‘समलैंगिक’ आणि ‘समलिंगी’ या दोघांची सरमिसळ होती, तिथे ‘समलिंगी’ कायम केलं. एवढ्यावरून त्यांनी मला छापील संग्रहाचं काम देऊ केलं, सहा पुस्तिका एकत्र. मी हो म्हटलं.

अडलंय ते व्हिटमनच्या पानावर. ती कविता मराठीत घालायची आहे, भाषांतर त्यांनी छापील पाठावरून केलंय, वेलांट्यांचं. मी समासात लिहिलं: हस्तलिखितात ‘तो’. त्यांचा फोन आला, मग ताई, छापायचं कुठलं? मी म्हटलं दोन्ही, समोरासमोरच्या पानांवर. त्यानं एक पान वाढतं आणि फॉर्मचा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांच्या गठ्ठ्याचा, हिशेब बिघडतो, असं त्यांचं म्हणणं आहे. बिघडू दे. उद्या पुन्हा फोन करणार आहेत.